पद : खलाशी

नेमणुकीच्या कागदावर टाइप केलं होतं –
धुडकू नथ्थू वाडिले. पद : खलाशी.
भूजल सर्वेक्षण, मुक्काम धुळे.
समुद्र नकाशावरसुद्धा वीतभर लांब.

आजा प्रकाशाला तापीत नाव घालायचा.
पूल झाला नि नाव उपडी पडली ती पडलीच,
तिच्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालायच्या.
म्हणून बाप खलाशी झाला तेव्हा
आत्याने भोईवाड्यात पेढे वाटले,
तिला वाटलं, सरकारने पोराला पुन्हा पाण्यावर घेतलं.

घेतलंच होतं. पाणी तेवढं खाली होतं.
वर्षातून चार वेळा, एकशे बारा विहिरी.
पोलादी फीत, टोकाला खडू फासायचा,
अंधारात सोडायची, ओढून बघायचं
खडू कुठवर भिजला.
धरलेल्या आकड्यातून ओला आकडा वजा.
उरेल ते रजिस्टरात, शाईने.

एकदा दगेसिंग गिरासेच्या शिवारात बोअर सुरू होती.
वर येईल ते बाप गोणपाटावर मांडत गेला,
दर तीन मीटरला एक ढीग, पंगत बसल्यासारखे.
काळी.
मग पिवळी, चुनखडीचे खडे पोटात घेऊन.
मग वाळू. मग निळसर चिखल, त्याला कसलाच वास नाही.
मग पुन्हा वाळू, गोल, घासलेली,
किती घासलेली, नि कुणी?
साठ. नव्वद. एकशे वीस. पाषाण लागेना.
सातपुड्याच्या पायाशी जमीन एवढी खचलेली
आणि नदी अजून ते भरतेच आहे.

पाणी मचूळ निघालं. गिरासे थुंकला, शिवी घातली, घरी गेला.
बापाने ओंजळभर पिऊन पाहिलं
आणि खर्चे मॅडमना विचारलं –
"मॅडम, आठे समुद्र व्हता का?"

इथे नसावा, म्हणाल्या त्या.
पलीकडे, नर्मदेच्या अंगाला,
समुद्राचं एक बोट आत आलं होतं,
लाव्हा यायच्याही आधी.
इथलं मीठ निराळं. साचलेल्या पाण्याचं, उन्हाचं.
मग चष्मा पुसत – पाषाणाखालचं मी पाहिलेलं नाही, धुडकूभाऊ.

बापाने बोट तेवढं उचललं.
ताटात खिचडीचा सातपुडा रचायचा,
मधोमध तर्जनी खुपसायचा : "असं."
खाचेत तेल उतरायचं हळूहळू.
माय म्हणायची, आधी जेवा.

साक्रीकडे माळावर काळी भिंत आहे, कोसभर सरळ.
लोक म्हणतात गवळी राजाने एका रात्रीत बांधली.
मला ठाऊक होतं, शाळेत शिकवलं होतं :
जमीन फाटली, रस वर आला, फटीतच गोठला.
बाप म्हणाला, तेही खरं.
पण हा धक्का आहे, बाई.
आणि माळाकडे बघत राहिला, गलबताला उशीर झाल्यासारखा.

रिटायर झाल्यावर मी त्याला डुमसला नेलं.
ओहोटी होती. समुद्र कुठे दिसेना,
मैलभर नुसता चिखल, काळा.
वाकून चिमूट घेतली, दोन बोटांत चोळली,
जिभेवर ठेवली. मला लाज वाटली, शेंगावाला बघत होता.
"आपलीच काळी," म्हणाला,
"प्रकाशाची. हिला येवाले किती दिन लागनात व्हई?"

मग भरती सुरू झाली.
पाणी त्याच्याकडे चालत आलं,
खाडीच्या तोंडातून आत, वर, उलटं,
जणू तापीला काही विसरल्याचं आठवलं.
फीत ऑफिसात जमा होती, खडू खिशात होता.
त्याने जुन्या खांबावर उभी रेघ ओढली,
आणि चपला हातात घेऊन बसला.

शेवटची बस गेली.
मी म्हटलं, बाबा, चला.
थांब, म्हणाला, आकडा हालतोय.